मदत हवी आहे: ज्युनिअर वकील आणि रविवारचा फुकट सल्ला

नमस्कार मंडळी. फोर्टात एका सीनिअरांकडे दोन वर्षं ज्युनिअर आहे. दिवस तारखा घेण्यात आणि झेरॉक्सच्या रांगेत जातो. हातात येतं त्यात लोकलचा पास निघतो, घरी थोडं देते, एवढंच.

राहते विक्रोळीत, कन्नमवार नगरात. पोरगी वकील झाली हे कळल्यापासून रविवारी दारात चपला वाढायला लागल्यात. कुणाचा पगार कंत्राटदाराने अडकवलाय, कुणाला नवऱ्याने घराबाहेर काढलंय. परवा एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत सोळा वर्षांच्या भाडेपावत्या घेऊन आल्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987, कलम 12 प्रमाणे बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. 15100 हा मोफत कायदेशीर मदतीचा हेल्पलाइन नंबर लिहून दिला, पण फोन करायलाच घाबरतात.

मला हे काम मनापासून करायचंय. पण विधी सेवेच्या पॅनेलवर, म्हणजे असा मोफत वकील देतात त्या यादीत, यायला तीन वर्षांची वकिली लागते, आणि सीनिअरांचं चेंबरही सोडायचं नाहीये. (सोडून खाणार काय?)

जुन्याजाणत्यांनी सांगा: सीनिअरांना आधी विचारायलाच हवं ना? चेंबरच्या अशिलाविरुद्धचाच माणूस माझ्या दारात आला तर? नुसता सल्ला आणि वकीलपत्र यांत रेघ कुठे मारता? आणि फीचं कसं बोलायचं? आईने आधीच अख्ख्या बिल्डिंगला 'आमची काही घेत नाही हो' सांगून टाकलंय.