मला ‘देवाच्या घरचे’ म्हणतात, मग नाताळच्या दुपारी मी एकटी का होते?

प्रश्न (पुण्यातील एक भगिनी)

सर्वांना नमस्कार. मी तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला. आमच्या घरात मी एकटीच ख्रिस्ती आहे. आईवडिलांनी माझ्यासाठी दार बंद केले नाही, परंतु धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी पूर्ण झाल्यावरच मला ती कळवण्यात आली, आणि तेव्हापासून माहेरी माझी जागा थोडी बाजूला सरकली आहे, हे मला मान्य करावे लागते. माझा प्रश्न मात्र माहेराविषयी नाही, मंडळीविषयी, म्हणजे आमच्या चर्चच्या समुदायाविषयी आहे.

बाप्तिस्म्याच्या दिवशी आमच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायावर संदेश दिला होता. आता आपण परके किंवा उपरे नाही, देवाच्या घरचे आहोत, हे ऐकताना मी रडले होते. दर रविवारी मला सगळे ‘ताई’ म्हणतात. गेल्या नाताळला मात्र उपासना संपली, सर्वांनी हात मिळवून शुभेच्छा दिल्या आणि सर्व कुटुंबे आपापल्या घरी जेवायला गेली. मी खोलीवर आले आणि सकाळचा भात गरम करून खाल्ला. पुढे जानेवारीत मला डेंग्यू झाला. मंडळीतील दोन भगिनी दारात उभ्या राहून प्रार्थना करून गेल्या. त्याबद्दल मी कृतज्ञ आहे, पण नऊ दिवस जेवणाचा डबा आणला तो कार्यालयातल्या मैत्रिणीने, आणि ती ख्रिस्ती नाही.

आध्यात्मिक कुटुंब हे खरे नाते आहे, की केवळ बोलण्याची एक गोड पद्धत? आणि ते खरे नाते असेल, तर त्यात कोणाचे कोणावर काय देणे लागते? मला सांत्वन नको आहे, विचारपूर्वक उत्तर हवे आहे.

पहिले उत्तर (निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर जिल्हा)

ताई, तुमच्या आजारपणाचा भाग वाचताना एका मंडळीचा जुना सभासद म्हणून मला लाज वाटली. ती मंडळी माझी नसली तरी चूक आमच्याकडेही घडते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी एका शब्दावरून देतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, जिथे आपण देवाला ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो असे प्रेषित पौल म्हणतो, तिथेच आपल्या मराठी शास्त्रात (बायबलमध्ये) ‘दत्तकपणा’ हा शब्द आहे. आपल्याकडे दत्तक म्हटले की लहान मूल डोळ्यांपुढे येते, पण पौलाच्या वाचकांपुढे रोमचा कायदा होता आणि तिथे प्रौढ माणसांना दत्तक घेणे ही नेहमीची गोष्ट होती. सम्राट ऑगस्टसने इ. स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले, तेव्हा टायबेरियसने चाळिशी ओलांडलेली होती. स्वतःच्या पायांवर उभा असलेला माणूस असा दत्तक गेला की त्याची पूर्वीची देणी कायद्याने संपत, त्याला नवे नाव मिळे आणि पोटच्या मुलाइतकाच वारसाहक्क मिळे. पौलाने हे पत्र साधारण इ. स. ५७ च्या सुमारास लिहिले. रोममधल्या मंडळीत गुलाम होते, यहूदी होते, तुमच्यासारखे कुटुंबातून एकटेच आलेले लोकही असणार. ‘दत्तक’ हा शब्द त्यांच्या कानांवर केवळ मायेचा शब्द म्हणून पडला नसेल, तो हक्काचा शब्द म्हणून पडला असेल.

म्हणून हे नाते पित्याने जोडलेले आहे आणि भावंडांच्या वागण्यावर ते उभे नाही. आम्ही तुमची विचारपूस केली नाही म्हणून तुम्ही घरच्या नाही असे होत नाही. आम्ही वाईट भावंडे ठरतो, एवढेच होते. तोच पौल करिंथच्या मंडळीला लिहिताना किती कठोर होतो ते अकराव्या अध्यायात पाहा. प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीसाठी, लोक एकत्र येत, पण सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. तुम्ही जे खाता ते प्रभूचे भोजनच नव्हे, असे त्याने त्यांना स्पष्ट सुनावले. तुम्ही एकट्या भात गरम करत होता त्या दुपारी आमच्या ताटांचे काय झाले, हा प्रश्न त्याच अध्यायातला आहे.

कुटुंब म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणाकडून शिकायचे असेल तर पंडिता रमाबाईंकडून शिकावे असे मला वाटते. १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील गेले, मग बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. पंचविशीच्या आत या बाईजवळ रक्ताचे म्हणण्यासारखे लहानग्या लेकीशिवाय, मनोरमेशिवाय, जवळजवळ कोणी उरले नव्हते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि अनाथ मुली व विधवा यांना शेकड्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घेऊन आल्या. तिथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता. रमाबाईंनी त्या मुलींना नुसते ‘भगिनी’ म्हटले नाही, आधी त्यांच्या भाकरीची आणि अंथरुणाची सोय लावली.

दुसरे उत्तर (वसईची एक वाचक)

मी कॅथलिक आहे, म्हणून आमच्या बाजूने थोडे सांगते. सरांनी दत्तकविधानाचा मुद्दा मांडला. आमच्याकडे त्या नात्याला माणसाचा चेहरा दिला जातो. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपिता किंवा धर्ममाता असावी लागते आणि प्रौढांच्या बाप्तिस्म्यालाही हा नियम आहे. ही व्यक्ती सर्वसाधारणपणे किमान सोळा वर्षांची असावी लागते, आणि बाप्तिस्मा घेणाऱ्याचे जन्मदाते आईवडील ही जबाबदारी घेऊ शकत नाहीत. लहानपणी मला हे विचित्र वाटे. आता वाटते की चर्चला एक जास्तीचे माणूस बांधून द्यायचे आहे, जे रक्ताने नव्हे तर विश्वासाने जबाबदार असेल.

हे नाते चर्चने किती खरे मानले ते पाहा. १९८३ मध्ये नवी धर्मसंहिता (चर्चच्या नियमांचा ग्रंथ) येईपर्यंत धर्मपिता किंवा धर्ममाता आणि त्यांचे धर्मापत्य, म्हणजे बाप्तिस्मा घेणारी व्यक्ती, यांच्या विवाहाला आमच्या चर्चमध्ये मनाई होती, कारण ते जवळचे नातलग मानले जात. म्हणजे हा बोलण्याचा अलंकार नव्हता, तो सोयरिकीच्या नियमांपर्यंत पोहोचलेला होता. आज अनेक घरांत धर्ममाता म्हणजे बारशाच्या फोटोत दिसणारी आणि सोन्याची साखळी देणारी मावशी एवढेच उरले आहे, याचे मला वाईट वाटते. माझ्या धर्ममातेने मात्र माझ्या वडिलांच्या निधनानंतर दोन वर्षे माझी फी भरली आणि कधी कोणाला सांगितले नाही.

आणखी एक गोष्ट माहेराविषयी, कारण तुम्ही तो विषय बाजूला ठेवलात तरी तो तिथे आहेच. मार्कच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूची आई आणि भाऊ बाहेर उभे असतात आणि देवाची इच्छा पूर्ण करणारे तेच माझे आई, बहीण, भाऊ असे तो म्हणतो. काही लोक हे वचन जन्माची नाती तोडण्यासाठी वापरतात. पण तोच येशू वधस्तंभावर असताना आईची सोय करतो. योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात तो तिला आपल्या आवडत्या शिष्याच्या हवाली करतो, आणि शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. नवे कुटुंब सुरू झाले ते कोणाची तरी आई सांभाळण्यापासून. भावाच्या लग्नाला तुम्ही जायला हवे, असे मला मनापासून वाटते.

तिसरे उत्तर (सोलापूरकर, पहिल्या पिढीतील विश्वासी)

ताई, मीही तुमच्यासारखाच एकटा आलो, त्याला आता अकरा वर्षे झाली. वरची दोन्ही उत्तरे मला पटली, तरी एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. सरांनी सगळा दोष मंडळीच्या पदरात टाकला. अनेकदा मंडळीला कळतच नाही, कारण आपल्यासारखी माणसे सांगत नाहीत. घरच्या माणसाने ‘मला ताप आहे, डबा पाठवा’ असा निरोप धाडायला संकोचायचे नसते. आपण पाहुण्यासारखे वागतो आणि मग आपल्याला पाहुण्यासारखे वागवले याचे दुःख करतो. पहिली चार वर्षे मी हेच केले.

मला आधार मिळाला तो लक्ष्मीबाई टिळकांच्या आयुष्यातून. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई लहान मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, पण सोवळे-ओवळे पाळत आणि आपला स्वयंपाक वेगळा ठेवून. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाने केलेला आहे, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले, मग पंगत एक झाली, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणजे या घराचा उंबरठा ओलांडायला पाच वर्षे लागली, आणि लक्ष्मीबाई प्रथम जेवणातून आत आल्या.

हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्या मराठी मंडळ्यांमध्ये कुटुंबपणाची खरी परीक्षा इथेच होते. प्रभुभोजनाच्या वेळी आपण एकत्र असतो, पण मुलांची लग्ने ठरवताना मूळ जात विचारणारी घरे मी पाहिली आहेत. गलतीकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक), दास आणि स्वतंत्र हे भेद ख्रिस्तात उरले नाहीत असे म्हटले आहे, ते आपण वाचतो आणि सोयरिकीच्या बैठकीत विसरतो. टिळकांना हे सलत असावे असे मला वाटते. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्यासाठी. दोन वर्षांत ते वारले आणि ते काम त्यांच्या मनासारखे वाढले नाही, पण त्यांचा ध्यास बरोबर होता.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते असे आहे की आजारपण, मरण आणि सणाचे जेवण या तीन प्रसंगी तरी एकमेकांवर हक्क सांगता आला पाहिजे. आमच्या मंडळीत आम्ही चौघा एकट्या लोकांनी पाळकांना स्वतःहून सांगितले की नाताळला आम्हाला कोणाच्या तरी घरी बसवा. त्यांनी उपासनेत नावे विचारली आणि सात घरांनी हात वर केले. इतकी वर्षे कोणी विचारले नव्हते, कारण कोणी सांगितले नव्हते.

प्रश्नकर्त्या भगिनीचे उत्तर

तिघांचेही आभार. सोलापूरच्या दादांचे बोलणे मला थोडे लागले, पण ते खरे आहे. तापात असताना मी कोणालाच फोन केला नव्हता. डबा आणणारी मैत्रीणही मी न सांगता आली होती.

वसईच्या ताईंनी लिहिलेला योहानाचा अध्याय मी काल रात्री पुन्हा वाचला आणि आज आईला फोन केला. लग्नाला मी चार दिवस आधी जाणार आहे. बोलता बोलता तिने विचारले की तुमच्या नाताळला फराळ करतात का. मी सांगितले की मराठी ख्रिस्ती घरांत करंज्या, शेव, लाडू सगळे करतात. तेव्हा ती म्हणाली की करंजीच्या सारणाचे प्रमाण मी तुला लिहून देते, तुझे नेहमी सैल होते. यंदा त्या करंज्या मी मंडळीतल्या दोन वयस्कर जोडप्यांकडे घेऊन जाणार आहे. त्यांची मुले परदेशी असतात, आणि गेल्या नाताळच्या दुपारी तीही एकटीच जेवली असतील, हे इतके दिवस माझ्या ध्यानातच आले नव्हते.