जांभ्याच्या भिंतींच्या घरात प्लेस्टेशन ५ वर वायफायचा डाउनलोड वेग फारच कमी मिळतो

कलमबाग (देवगड) यांचा प्रश्न

नमस्कार. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आमचे घर देवगड तालुक्यात समुद्रापासून थोड्याच अंतरावर आहे. बांधकाम जुने आहे, म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती, वर कौले, पुढे ओटी, मध्ये माजघर आणि त्यामागे खोल्या. फायबरची तार ओटीवर येते आणि राउटरही तेथेच भिंतीला लावलेला आहे. टीव्ही आणि प्लेस्टेशन ५ मात्र माजघरामागच्या खोलीत असल्यामुळे राउटर आणि कन्सोल यांच्यामध्ये दोन भिंती येतात. आमचा प्लॅन १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) आहे.

ओटीवर उभे राहून मोबाइलवर वेग तपासला तर तो ९४ एमबीपीएस दिसतो. कन्सोलच्या स्वतःच्या चाचणीत मात्र तो ८ च्या आसपास येतो आणि रात्री त्याहूनही खाली जातो. सध्या ६० जीबीचा एक खेळ उतरवायला घेतला असून कन्सोल सतरा तास दाखवत आहे. गणपतीला मुंबईची भाचरे येणार आहेत आणि त्यांच्यासाठी आणखी दोन खेळ उतरवून ठेवायचे आहेत, त्यामुळे या वेगाने काम होणार नाही.

इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस येऊन गेला. त्याने ओटीवर मोबाइलवर वेग दाखवला, लाइन उत्तम असल्याचे सांगितले आणि दोष तुमच्या यंत्राचा आहे असा निर्वाळा देऊन तो निघून गेला. राउटर आणि कन्सोल बंद करून पुन्हा सुरू करणे वगैरे सर्व झाले आहे. कन्सोल टीव्हीखालच्या सागवानी कपाटात ठेवलेला असून जुने खेळ साठवण्यासाठी त्याला बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली आहे. याच वायफायवर घरातील मोबाइल आणि बागेकडे तोंड केलेले दोन कॅमेरेही चालतात. पाऊस सुरू झाल्यापासून वेग अधिकच घटला असे मला वाटते, परंतु तो माझा भासही असू शकेल.

घर आजोबांच्या वेळचे असल्याने भिंत फोडण्याची माझी तयारी नाही. दोष नेमका कोठे आहे हे कसे ओळखावे?

रत्नदुर्ग (रत्नागिरी) यांचा प्रतिसाद

तुमच्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे, परंतु खर्च करण्यापूर्वी दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे निश्चित करावे. सर्व्हर ते तुमचा राउटर, राउटर ते कन्सोल आणि कन्सोलच्या आतील व्यवहार असे तीन टप्पे असून प्रत्येकाची तपासणी वेगळी करावी लागते.

पहिला टप्पा कंपनीच्या माणसाने तपासला आणि त्याचे निदान तेवढ्यापुरते बरोबर आहे, कारण राउटरजवळ ९४ मिळत असतील तर फायबरमध्ये खोट नाही. मात्र त्यावरून दोष कन्सोलचा आहे असे अजिबात ठरत नाही. ओटीवरचा मोबाइल आणि आतल्या खोलीतील कन्सोल यांची तुलनाच होऊ शकत नाही. तोच मोबाइल कन्सोलच्या जागी ठेवून तेथे वेग तपासावा. मोबाइललाही दहा-वीसच मिळाले तर दोष भिंतींचा आहे, आणि मोबाइलला सत्तर-ऐंशी मिळून कन्सोलला आठच मिळत असतील तर कन्सोल किंवा त्याच्या आसपासची एखादी वस्तू तपासावी लागेल.

ही चाचणी वायफायच्या दोन्ही बँडवर, म्हणजे लहरींच्या दोन्ही पट्ट्यांवर करावी. ५ गिगाहर्ट्झचा बँड जवळच्या जवळ वेगवान असतो, परंतु जाड भिंतीतून तो लवकर क्षीण होतो. २.४ गिगाहर्ट्झचा बँड भिंतीतून अधिक चांगला पोहोचतो, मात्र त्याचा वेग मुळातच कमी असतो आणि त्यावर गर्दीही असते, कारण तुमचे कॅमेरे, शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन हे सर्व त्याच पट्ट्यात काम करतात. कन्सोल सध्या कोणत्या बँडवर आहे हे नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये पाहावे. जोडलेल्या वायफायच्या नावावर ऑप्शन्स बटण दाबले की प्रगत सेटिंग्ज उघडतात आणि तेथे बँड स्वतः निवडता येतो. दोन्ही बँडचे नाव एकच असेल तर राउटरमध्ये जाऊन त्यांना वेगवेगळी नावे द्यावीत, म्हणजे मोबाइलवरील चाचणीत घोळ होणार नाही.

आता मला ज्याचा सर्वाधिक संशय आहे ती गोष्ट सांगतो, ती म्हणजे तुमची बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी ३.० ने जोडलेल्या डिस्कमधून आणि तिच्या केबलमधून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. इंटेलने २०१२ साली यावर तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते आणि डिस्क व केबलचे आवरण नीट नसेल तर जवळच्या वायरलेस उपकरणाचा पल्ला घटतो, हे त्यात मोजून दाखवले होते. दोन भिंती ओलांडून आधीच क्षीण झालेला संकेत आणि अँटेनापासून वीतभर अंतरावर हा गोंगाट, अशी स्थिती असेल तर आठ एमबीपीएसचे आश्चर्य वाटत नाही. सेटिंग्जमधून डिस्क रीतसर बंद करावी, केबल काढावी, कन्सोल कपाटातून बाहेर मोकळ्यावर ठेवावा आणि मग वेग तपासावा. चालू असलेला खेळही पूर्ण बंद करावा, कारण पार्श्वभूमीवर खेळ उघडा असताना अनेक कन्सोल डाउनलोडला दुय्यम स्थान देतात.

राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ यांपैकीच चॅनेल (पट्ट्याचा उपविभाग) निवडावा. या पट्ट्यात एकमेकांवर न येणारे हे तीनच आहेत. कॅमेरे चित्रण सतत इंटरनेटवर चढवत असतील तर चाचणीपुरते तेही बंद ठेवावेत.

दीपगृह (वेंगुर्ला) यांचा प्रतिसाद

कन्सोलमध्ये डीएनएस बदलून पाहा आणि एमटीयूचा (एका वेळी पाठवायच्या माहितीच्या तुकड्याची कमाल मर्यादा) आकडा १४७३ करा. माझ्या मित्राला या उपायाने लाभ झाल्याचे त्याने सांगितले होते.

रत्नदुर्ग (रत्नागिरी) यांचा प्रतिसाद

दीपगृह यांच्या सूचनेचा आदर राखून सांगतो की येथे क्रम महत्त्वाचा आहे. डीएनएसचे काम नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देण्याचे आहे, फाइल त्यातून वाहत नाही. डीएनएस बदलल्यावर खेळाची फाइल दुसऱ्या, कदाचित जवळच्या सर्व्हरवरून येऊ लागते आणि काही जणांचा वेग त्यामुळे वाढतो. उलट दूरचा सर्व्हर मिळाला तर तो घटतोही. एमटीयूच्या बाबतीत, अनेक फायबर कनेक्शनांत पीपीपीओई ही जोडणीची पद्धत वापरली जाते, तेथे मर्यादा १४९२ ची असते आणि राउटर ती स्वतः सांभाळतो. १४७३ हा आकडा ठिकठिकाणी वाचायला मिळतो, परंतु त्यात विशेष गुण नाही. मुळात राउटर आणि कन्सोल यांच्यातील संकेतच तुटक असेल तर या दोन्ही उपायांनी भिंत पातळ होणार नाही. आधी मोबाइलची चाचणी व्हावी.

कलमबाग (देवगड)

दोघांचेही आभार. सांगितल्याप्रमाणे सर्व करून पाहिले.

कन्सोल २.४ गिगाहर्ट्झवर होता. हार्ड डिस्क काढून कन्सोल कपाटाच्या वर मोकळा ठेवला तेव्हा वेग ८ वरून २६ वर गेला. डिस्क पुन्हा जोडताच तो खाली आला आणि काढताच पुन्हा वाढला, त्यामुळे रत्नदुर्ग यांचा संशय खरा ठरला आहे. कॅमेरे बंद ठेवल्यावर आणि चॅनेल ११ केल्यावर तो ३१ झाला. मोबाइल त्याच जागी ठेवला असता २.४ वर ३० च्या आसपास मिळाले आणि ५ गिगाहर्ट्झवर वायफायचे नावच मधूनमधून नाहीसे होत होते. माजघराच्या दारात उभे राहिले तर मात्र ५ गिगाहर्ट्झवर ८० च्या वर मिळतात.

म्हणजे डिस्कचा दोष वेगळा आणि भिंतीचा वेगळा, असे मी समजतो. भिंतीवर काही उपाय आहे का? दुकानदाराने रिपीटर घेण्याचा सल्ला दिला आहे.

पागोळी (मालवण) यांचा प्रतिसाद

मी घरोघरी नेटवर्किंगची कामे करतो आणि आपल्याकडच्या घरांत ही तक्रार नेहमी येते, म्हणून सविस्तर लिहितो.

पावसाविषयीचा तुमचा समज भास म्हणून सोडून देऊ नका. जांभा सच्छिद्र दगड आहे. गिलावा नसलेली किंवा गिलावा सुटलेली जांभ्याची भिंत आषाढ-श्रावणात भरपूर पाणी धरून ठेवते आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेते, ५ गिगाहर्ट्झच्या तर अधिकच. मे महिन्यात जेमतेम पोहोचणारा संकेत पावसाळ्यात तुटतो, याचे हे एक कारण आहे. तुमची आतली भिंत पावसाळ्यात हाताला गार आणि दमट लागत असेल तर ती संकेतालाही जड जाते असे समजावे.

रिपीटरबद्दल स्पष्ट सांगतो की साधा रिपीटर एकाच रेडिओवर संकेत घेतो आणि त्याच रेडिओवर पुढे देतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. शिवाय लोक तो टीव्हीजवळ लावतात, म्हणजे जेथे मुळातच संकेत नाही तेथे. घ्यायचाच असेल तर दोन बँडचा घ्यावा आणि माजघराच्या दारापाशी, जेथे तुम्हाला ८० मिळतात तेथे लावावा. दार उघडे असताना तो चालेल, परंतु दार बंद केल्यावर वेग पुन्हा घसरेल.

माझ्या मते या घराला योग्य उपाय वायरीचा आहे आणि त्यासाठी भिंत फोडावी लागत नाही. कौलारू घरात भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये बहुधा फट असते. ओटीवरून वर चढवून, माळ्यावरून आडवी नेऊन लॅन केबल मागच्या खोलीत सहज उतरवता येते. विजेच्या जुन्या वायरिंगच्या पट्टीला समांतर मात्र नेऊ नये, थोडे अंतर ठेवावे. केबलचे कॅट ६ आणि कॅट ५ई हे दोन्ही प्रकार चालतील, कारण शंभर मीटरपर्यंत दोन्हींवर १ गिगाबिटचा वेग मिळतो आणि घरात तीस मीटरही लागणार नाहीत. केबल निखळ तांब्याची मागावी. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त केबल मिळते, ती वाकवल्यावर तुटते आणि खाऱ्या हवेत तिची टोके लवकर खराब होतात.

खाऱ्या हवेचे म्हणाल तर किनाऱ्यावर मला सर्वाधिक बिघाड टोकाच्या प्लास्टिकच्या जोडणीतच आढळतात. आतल्या आठ पिवळ्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसू लागली की समजावे. आठांपैकी चारच तारा नीट लागत असतील तर जोडणी बंद पडत नाही, ती गुपचूप १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर येते. तुमचा प्लॅनच १०० चा असल्याने आज फरक जाणवणार नाही, परंतु पुढे प्लॅन वाढवल्यास आठवण ठेवावी. जोडणी करताना आठही तारा लावून घ्याव्यात आणि दोन्ही टोकांना रबरी टोपी घालावी.

राउटर ओटीवरून माजघरात हलवता आला तर तेही उत्तम होईल. फायबरची तार लांबवून देण्यास कंपनी थोडे पैसे घेते, मात्र तारेला तीव्र वळण देऊ देऊ नये, कारण आतला काचेचा धागा त्याने दुखावतो.

शेवटी विजेविषयी. केबल घराबाहेरून, पागोळ्यांखालून नेऊ नका. बाहेरून गेलेल्या तांब्याच्या तारेत वीज कडाडताना दाब येऊन राउटर आणि कन्सोल दोन्ही जळालेले मी पाहिले आहेत. आतून नेली तरी वळवाच्या आणि परतीच्या पावसात राउटरचा ॲडॅप्टर, कन्सोलचा प्लग आणि लॅन केबल तिन्ही काढून ठेवावीत.

कलमबाग (देवगड)

पागोळी यांच्या सांगण्याप्रमाणे केबल माळ्यावरून नेली. माजघराच्या भिंतीच्या माथ्यावर खरोखरच बोटभर फट होती. कन्सोलच्या चाचणीत आता ९३ येतात आणि ६० जीबीचा उरलेला भाग रात्रीच्या जेवणाआधी उतरून झाला. हार्ड डिस्क पुन्हा जोडली आहे आणि वायरीवर तिचा काहीही परिणाम दिसत नाही. रात्री अजूनही वेग ७० पर्यंत खाली येतो, परंतु तेव्हा ओटीवरच्या मोबाइललाही तेवढेच मिळतात.

रत्नदुर्ग (रत्नागिरी) यांचा प्रतिसाद

रात्रीची ती घट कंपनीच्या बाजूची आहे, कारण त्या वेळी सर्व ग्राहक एकाच मार्गावर असतात. उरलेले दोन खेळ रेस्ट मोडमध्ये, म्हणजे कन्सोल पूर्ण बंद न करता विश्रांतीत ठेवून, पहाटे उतरवावेत. त्यासाठी रेस्ट मोडच्या सेटिंगमध्ये इंटरनेटशी जोडलेले राहण्याचा पर्याय चालू ठेवावा लागेल, आणि वीज जाण्याची शक्यता असेल तर राउटर व कन्सोल दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावेत. कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच राहू द्यावेत.