प्रतिसाद: ओईटी रीडिंग आणि शब्दांची वही

शब्द पाठ करून ओईटीचं, म्हणजे परदेशात काम करायला नर्स-डॉक्टर देतात त्या इंग्रजी परीक्षेचं, रीडिंग निघेल का, असं वर एका ताईंनी विचारलंय. मीही नर्सच, ड्यूटी सांभाळून अभ्यास केला, म्हणून लिहिते.

मी शब्दांची दोनशे पानी वही भरली आणि पहिल्याच सराव चाचणीत रीडिंगच्या तीन भागांपैकी पहिल्या, पार्ट ए मध्ये आपटले. 15 मिनिटं, चार उतारे, 20 प्रश्न. आणि मी पहिला उतारा कादंबरीसारखा वाचत बसले! तिथे वाचायचं नसतं, शोधायचं असतं. आधी मथळे आणि तक्ते बघून घ्या, मग प्रश्न. डोस विचारला की नजर थेट मिलिग्रॅमवर. उत्तर उताऱ्यात आहे तस्संच उतरवा. स्पेलिंग चुकलं की गुण गेलाच.

आजारांची, औषधांची नावं आपल्या रोजच्या तोंडातली. अडवतात ते साधे दिसणारे शब्द. पार्ट बी मधल्या एका सूचनेत 'अनलेस' होतं, मी घाईत 'इफ' धरून वाचलं. अख्खा अर्थ उलटा! पार्ट सी मध्ये तर लेखकाचा सूर ओळखायचा असतो. 'अल्बीट' (जरी), 'कन्सीड' (मान्य करणं), 'स्केप्टिकल' (साशंक) हे शब्द अर्थासकट पाठ होते, पण वाक्यात आले की गडबड.

तेव्हापासून वहीत सुटा शब्द लिहीत नाही, पूर्ण वाक्य उतरवते. बी आणि सी मिळून 45 मिनिटं मिळतात, म्हणून सरावालाही मोबाईलवर गजर लावूनच बसा. नाइट ड्यूटीनंतर मात्र नको, डोळे ओळीवरून घसरतात.