मदत हवी आहे: ओकावांगोच्या लहान विमानात आईला कसं चढवायचं?

आम्ही पाच जण, आर्वी तालुक्यातले. ऑगस्टमध्ये बोत्स्वानाला जायचं ठरतंय. ताडोबा, मेळघाट जिप्सीतून झालं, पण तिथल्या ओकावांगो नदीच्या पाणथळ त्रिभुज प्रदेशात आतल्या कॅम्पपर्यंत रस्ताच नाही. माऊन गावाहून सेसना या लहान विमानानं कच्च्या धावपट्टीवर उतरायचं. पुराचं पाणी तेव्हा भरलेलं असतं, म्हणून हाच महिना. सोयाबीनचं डवरणं आटोपून निघायचं आणि पोळ्याच्या आत परत. पोळा चुकला तर बाबा बोलणार नाहीत!

सामानाचं कळलंय: माणशी 20 किलो, हातातली पिशवी आणि कॅमेरा धरून, तेही मऊ बॅगेत. घरी धान्याच्या काट्यावर भरून पाहिलं, बसतं. दुपारी उन्हामुळे विमान हलतं म्हणून सकाळचं उड्डाण मागितलंय.

अडलंय ते आईपाशी. वय 69, दोन्ही गुडघे दुखतात, एसटीची पायरीही आधार घेऊनच चढते. विमान कंपनीला दोनदा मेल केला, "मदत मिळेल" एवढंच उत्तर. गाडीनं जाता येईल असा कॅम्प सुचवू नका, तो पर्याय ठाऊक आहे.

गुडघ्याचा त्रास असलेल्या कुणाला घेऊन गेलेलं कुणी आहे का? सेसना 206 आणि सेसना कॅरव्हान, या दोन विमानांत चढायला सोपं कुठलं, आणि आतल्या धावपट्टीवर उतरताना पायरी किंवा स्टूल मिळतं का?