सॅक्सची प्रतिकृती घ्यायचीय, काय बघून घेऊ?

मंदार_लीड्स: नमस्कार मंडळी. ब्रिटिश म्युझियमच्या 41 क्रमांकाच्या दालनात टेम्समध्ये सापडलेलं सॅक्स, म्हणजे जुन्या इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांचं सुऱ्यासारखं एकधारी हत्यार, पाहिलं, तेव्हापासून तसंच एक घरी असावं असं वाटतंय. एका साइटवर 'अस्सल दमास्कस अँग्लो-सॅक्सन सॅक्स' (दमास्कस म्हणजे लहरींसारखी नक्षी असलेलं पोलाद) स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

खड्गवेडा: मंदार, ते घेऊ नका. तुम्ही पाहिलेलं सॅक्स दहाव्या शतकातलं, 1857 मध्ये बॅटरसीजवळ मिळालेलं. एकधारी पातं, पाठ जवळपास 8 मिमी जाड, आणि ती पाठ टोकाजवळ एकदम तिरकी उतरते. पात्यावर तांबं, कासं आणि चांदीची तार ठोकून बसवलीय, 28 रून (त्यांच्या जुन्या लिपीतली) अक्षरं ओळीने आणि पुढे 'बेआग्नोथ' हे नाव. बाजारातल्या प्रतिकृतीत पाठ पातळ पट्टीसारखी असते, अक्षरं नुसती कोरलेली. सगळा रुबाबच जातो हो!

'दमास्कस'चं म्हणाल तर नक्षी धारेपर्यंत पसरलीय का ते बघा. त्या काळचे लोहार लोखंडाच्या सळ्या पिळून, तापवून, ठोकून एकजीव करत, पण धारेला वेगळं पोलाद जोडत. म्हणून पिळाचा पट्टा मधेच दिसायला हवा, धार साधी. इंग्लंडमधल्या सटन हू इथल्या अँग्लो-सॅक्सन दफनात मिळालेली तलवार गंजून म्यानातच अडकलीय, तिचा पीळ क्ष-किरणांनी दिसला. काय हात असतील त्या माणसांचे!

आणि मूठ. विक्रेत्याकडे मूठ काढलेला फोटो मागा. पात्याचाच दांडा मुठीत लांबवर गेलेला हवा. मागे बारीक सळी वेल्ड केलेली असेल तर सोडून द्या. सॅक्सला पितळी परज (मूठ आणि पात्यामधली आडवी पट्टी) लावली असेल तरी सोडा. लाकूड किंवा शिंगाची साधी मूठ शोभते.

दून_व्हॅली: खड्गवेडा, नेमकं बोललात. जोडीला एवढंच सांगतो, परदेशात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच प्रतिकृती आपल्याकडेच बनतात. देहरादूनचं विंडलास 1943 पासून या धंद्यात आहे, मेरठचं दीपिकाही. 'मेड इन इंडिया' दिसलं म्हणून नाक मुरडू नका, मॉडेल निवडून घ्या.

मंदार_लीड्स: खूप आभार. पुढे पुण्याला आणता येईल का?

दून_व्हॅली: 9 इंचांहून लांब पात्याची हत्यारं शस्त्र नियम 2016 च्या यादीत आहेत, आणि अधिसूचित (सरकारने तसं जाहीर केलेल्या) भागात परवाना लागतो. आधी पोलीस आयुक्तालयात लेखी विचारा, मगच सामानात भरा.

खड्गवेडा: तोवर लीड्समध्येच ठेवा, पात्याला तेलाचा हात देत जा. आणि चामड्याच्या म्यानात कायमचं ठेवू नका, कमावलेल्या चामड्याने पोलाद गंजतं.