मदत हवी आहे: एक्सेलमधली माझी बटणं दुसऱ्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची? (अर्जंट)

वाशीची_वैतागलेली
वाशीच्या ऑफिसात माझ्या कॉम्प्युटरवर एक्सेलच्या वरच्या पट्टीत मी माझी बटणं लावून घेतली आहेत. पार्टीप्रमाणे बिलं वेगळी करणं, थकबाकी लाल करणं, जीएसटीचे रकाने ओळीत लावणं, सगळं एका क्लिकवर होतं. आता ठाण्याला वागळे इस्टेटच्या ऑफिसात बसायला सांगितलंय. फाइल पेनड्राइव्हवर आणून इथे उघडली, डेटा सगळा आहे, बटण एकही नाही! ११ तारखेच्या आत जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचाय. इथल्या मुलीलाही तीच बटणं हवीत. कोणीतरी पटकन सांगा.

नौपाडा_काका
अगदी सोपं आहे. जुन्या कॉम्प्युटरवर एक्सेल११.एक्सएलबी नावाची फाइल शोधा आणि नव्यावर त्याच जागी टाका. सगळे टूलबार जसेच्या तसे येतात. आमच्या ऑफिसात आम्ही वर्षानुवर्षं हेच केलं.

आकडेमोड
काका, ती फाइल एक्सेल २००३ ची. २००७ मध्ये रिबन, म्हणजे होम, इन्सर्ट अशा टॅबांची पट्टी, आली आणि तो मार्ग बंद झाला. २००३ चा सपोर्टही मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये थांबवलाय.
ताई, आधी हे सांगा: एक्सेल कुठलं? बटणं अगदी वरच्या बारीक पट्टीत आहेत की होम, इन्सर्टच्या शेजारी स्वतःचा टॅब केलाय? आणि बटणांमागे मॅक्रो, म्हणजे एका क्लिकवर आपोआप चालणाऱ्या साठवलेल्या सूचना, आहेत का?

वाशीची_वैतागलेली
एक्सेल म्हणजे साधं एक्सेल. हिरवं. वरतीच असतात ना बटणं!

मुक्तछंद_लिनक्सवाला
मी तर म्हणेन ही संधी समजा आणि लिबरऑफिसवर या. त्यात टूलबार थेट त्या फाइलमध्येच साठवता येतो, फाइल जिकडे जाईल तिकडे बटणं जातात. टूल्स, कस्टमाइझ, टूलबार्स. लायसन्सचा एक रुपया नाही.

आकडेमोड
एका कामासाठी एक्सेलमध्येही ते होतं. क्विक अ‍ॅक्सेस टूलबार, म्हणजे ती वरची बारीक पट्टी, तिच्या सेटिंगमध्ये उजवीकडे वर ‘सगळ्या डॉक्युमेंट्ससाठी’ असं लिहिलेलं असतं, तिथे उघडलेली फाइल निवडली की बटणं त्या फाइलसोबतच राहतात. पण बाईंचं काम रोज नव्या फाइलवर. आणि त्यांचे मॅक्रो व्हीबीएत (एक्सेलची मॅक्रो लिहायची भाषा) असतील तर लिबरऑफिसमध्ये अर्धे चालतील, अर्धे अडतील. ११ तारखेच्या तोंडावर त्यांना नवं सॉफ्टवेअर कशाला शिकवताय?

मुक्तछंद_लिनक्सवाला
कधी ना कधी शिकावंच लागतं. तुम्हा लोकांना सवयीची गुलामी आवडते.

पाचपाखाडीचा_परश्या
झालं सुरू. दर धाग्यावर हेच. लिनक्सवाले आले की मूळ प्रश्न गेला चुलीत.
ताई, गूगल शीट्स वापरा. लिंक पाठवली की संपलं, पेनड्राइव्हची भानगडच नाही.

आकडेमोड
गूगल शीट्समध्ये व्हीबीए मॅक्रो चालत नाहीत. तिथे सगळं गूगलच्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये नव्याने लिहावं लागेल. लिहून देणार का तुम्ही?

कोपरखैरणे_कन्या
ताई, पेस्ट केल्यावर आकडे बिघडत असतील तर पेस्ट स्पेशलमध्ये व्हॅल्यूज निवडा. आणि पहिली ओळ गोठवायला व्ह्यू, फ्रीझ पेन्स. मला हे कळल्यावर आयुष्य बदललं.

वाशीची_वैतागलेली
ओळ गोठवायची नाहीये मला!!
इथल्या मुलीने बघून सांगितलं: दोन्हीकडे २०१९. बटणं सेव्हच्या चिन्हाशेजारी आहेत आणि एक वेगळा टॅबही आहे, ‘बिलिंग’ नावाचा. मॅक्रो आहेत, रेकॉर्ड करून केलेत, थोडे पुतण्याने लिहून दिलेत. आता तरी सांगा.

आकडेमोड
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं, पण असो. एक गोष्ट समजून घ्या: बटण वेगळं आणि त्यामागचा मॅक्रो वेगळा. दोन्ही वेगवेगळ्या फाइलीत असतात आणि तुमच्या बिलाच्या फाइलीत यातलं काहीच नाही, म्हणून पेनड्राइव्हवर ती आणून काही आलं नाही.
बटणांसाठी: वाशीच्या कॉम्प्युटरवर फाइल, ऑप्शन्स, कस्टमाइझ रिबन. खाली इम्पोर्ट/एक्सपोर्ट आहे, त्यात एक्सपोर्ट ऑल कस्टमायझेशन्स. जी फाइल तयार होईल तिच्यात टॅब आणि वरची पट्टी दोन्ही येतात. वागळेच्या कॉम्प्युटरवर तिथूनच इम्पोर्ट करा.
सावधान: इम्पोर्ट केलं की त्या कॉम्प्युटरवर आधी असलेली सगळी बटणं पुसली जातात, एकत्र होत नाहीत. त्या मुलीने स्वतःची काही लावली असतील तर आधी तिचीही एक्सपोर्ट करून ठेवा.
मॅक्रोंसाठी: ते बहुधा पर्सनल.एक्सएलएसबी नावाच्या लपलेल्या फाइलीत आहेत. युजरच्या फोल्डरात अ‍ॅपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल, एक्सएलस्टार्ट. अ‍ॅपडेटा दिसत नसेल तर विंडोजच्या फोल्डरच्या व्ह्यूमध्ये हिडन आयटम्सवर टिक करा. ती फाइल वागळेच्या कॉम्प्युटरवर त्याच जागी टाका.

घोडबंदरचा_प्रवासी
अवांतर: वाशीहून वागळे इस्टेटला रोज जाता कशा? ट्रान्स हार्बर लोकलने ठाणे आणि पुढे टीएमटीची बस की रिक्षा? माझी बदली महापेला होतेय, मला उलटा प्रवास करायचाय.

कोपरखैरणे_कन्या
ट्रान्स हार्बर बरी. सकाळी ठाण्याहून या बाजूलाच जास्त गर्दी असते, त्यामुळे त्यांना उलट्या दिशेला बसायला मिळत असेल. तुम्हाला मात्र ठाण्याच्या ९-१० नंबर प्लॅटफॉर्मवर लवकर जाऊन उभं राहावं लागेल. घणसोलीला उतरून शेअर रिक्षा.

पाचपाखाडीचा_परश्या
ऐरोली पुलावरून बाइक. गाडीबिडी सोडा.

घोडबंदरचा_प्रवासी
पावसाळ्यात बाइक? घरच्यांना काय सांगू?

वाशीची_वैतागलेली
प्रवासाचा वेगळा धागा काढा हो.
बटणं आली! टॅबही आला. पण दाबलं की ‘कॅनॉट रन द मॅक्रो’ असं इंग्रजीत काहीतरी येतं. पर्सनलवाली फाइलपण टाकली होती. आणि इथल्या मुलीची बटणं गेली, ती आता माझ्याशी बोलत नाहीये.

नौपाडा_काका
म्हणूनच २००३ बरं होतं. टूल्स, कस्टमाइझ, अटॅच केलं की टूलबार फाइलीला चिकटायचा.

आकडेमोड
अटॅच होतं, मान्य. पण तेव्हाही मॅक्रो दुसऱ्या वर्कबुकात असला की बटण त्याच वर्कबुकाचा पत्ता धरून बसायचं. इथेही तेच झालंय. एक्सपोर्ट केलेल्या फाइलीत प्रत्येक बटणाशी पर्सनल.एक्सएलएसबीचा संपूर्ण पत्ता लिहिलेला असतो, त्यात वाशीच्या कॉम्प्युटरवरचं तुमचं युजरनेम आहे. वागळेला युजरनेम वेगळं, म्हणून मॅक्रो सापडत नाही.
तात्पुरता इलाज: एक्सपोर्ट केलेल्या फाइलीची एक प्रत ठेवा, मूळ फाइल नोटपॅडमध्ये उघडा, जुनं युजरनेम शोधून सगळीकडे नवं टाका, सेव्ह करून पुन्हा इम्पोर्ट. आजचं काम निघेल.
त्या मुलीचं मात्र असं करू नका. तिच्याकडे तिचे मॅक्रो असलेली पर्सनल फाइल असेल, तिच्यावर तुमची टाकली तर तिचे मॅक्रोही जातील, मग ती खरंच बोलणार नाही.

नौपाडा_काका
आणि तिचं काय मग?

आकडेमोड
तिच्यासाठी अ‍ॅड-इन, म्हणजे एक्सेलला वरून जोडायची मॅक्रोंची फाइल. नवी कोरी फाइल घ्या, सगळे मॅक्रो तिच्यात न्या आणि सेव्ह अ‍ॅजमध्ये एक्सेल अ‍ॅड-इन निवडा, म्हणजे .एक्सएलएएम. बटणंही त्यातच घालायची, त्यासाठी ऑफिस रिबनएक्स एडिटर नावाचं फुकट सॉफ्टवेअर मिळतं. बटणावरून चालणाऱ्या प्रत्येक मॅक्रोच्या कंसात ‘कंट्रोल अ‍ॅज आयरिबनकंट्रोल’ लिहावं लागतं, नाहीतर तो चालत नाही. हे काम पुतण्याला द्या. एकदा झालं की बटण आणि मॅक्रो एकाच फाइलीत, युजरनेमचा प्रश्नच नाही, आणि तिच्या स्वतःच्या बटणांना धक्काही नाही.
फाइल ऑफिसच्या सर्व्हरवरच्या शेअर्ड फोल्डरात ठेवा. तिच्याकडे ऑप्शन्स, अ‍ॅड-इन्स, खाली गो, मग ब्राउज.

मुक्तछंद_लिनक्सवाला
एवढे द्राविडी प्राणायाम! लिबरऑफिसमध्ये...

पाचपाखाडीचा_परश्या
अरे बाबा, पुरे!

वाशीची_वैतागलेली
नोटपॅडवालं जमलं. माझी बटणं चालतायत, बिलं वेगळी झाली. पुतण्याने अ‍ॅड-इन करून ईमेलने पाठवलं. तेच सर्व्हरवर टाकून इथे जोडलं तर वर लाल पट्टी येते, मॅक्रो अडवले म्हणून. फाइलमध्ये व्हायरस आहे का?

आकडेमोड
पट्टी आली म्हणजे व्हायरसच आहे असं नाही. ईमेलमधून किंवा नेटवरून उतरवलेल्या फाइलीवर विंडोज तशी खूण ठेवतं आणि २०२२ पासून मायक्रोसॉफ्ट अशा फाइलीतले मॅक्रो अडवतं. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉक आहे त्यावर टिक. मगच सर्व्हरवर ठेवा. फाइल पुतण्याचीच आहे ना, खात्री करून मगच टिक करा. अनोळखी फाइलीला ही मोकळीक देऊ नका.

वाशीची_वैतागलेली
चाललं! तिला तिची जुनी बटणंही मिळाली, तिने नशिबाने एक्सपोर्ट करून ठेवली होती. आता चहा पाजतेय मला. एक शेवटचं: पुतण्याने उद्या मॅक्रोत बदल केला तर तिच्याकडेही तो आपोआप होईल का?

आकडेमोड
जोडताना एक्सेलने विचारलं असेल की ही फाइल तुमच्या अ‍ॅड-इन फोल्डरात कॉपी करू का. ‘नाही’ म्हटलं असेल तर तिचं एक्सेल थेट सर्व्हरवरचीच फाइल वापरतं, बदललेली फाइल तिथे टाकली की दोघींना मिळेल. फक्त टाकताना दोघींचंही एक्सेल बंद हवं, नाहीतर फाइल वापरात आहे म्हणून बदलता येणार नाही. ‘हो’ म्हटलं असेल तर तिच्याकडे जुनी प्रतच राहील.

वाशीची_वैतागलेली
हो म्हटलं की नाही म्हटलं, कोणाला आठवतंय!

आकडेमोड
ऑप्शन्समध्ये अ‍ॅड-इन्सच्या यादीत लोकेशनचा रकाना आहे. तिथे सर्व्हरचा पत्ता दिसला तर ठीक. तिच्या कॉम्प्युटरचा दिसला तर टिक काढून एक्सेल बंद करा, ती प्रत तिच्या अ‍ॅड-इन फोल्डरातून काढून टाका आणि पुन्हा ब्राउज करून जोडा. या वेळी ‘नाही’ म्हणा.