मदत हवी आहे : सुरक्षा परीक्षेसाठी नेटवर्क टोपॉलॉजी, आकृती एक आणि उत्तर दुसरेच

नमस्कार.

मी सध्या कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लस परीक्षेची तयारी करत आहे आणि पुढे सीआयएसएसपी ही माहिती-सुरक्षेची वरच्या पातळीची परीक्षा देण्याचा विचार आहे. एन्क्रिप्शन, प्रवेश-नियंत्रण, जोखमीचे मूल्यमापन हे भाग बऱ्यापैकी झाले आहेत. अडले आहे ते टोपॉलॉजीपाशी, म्हणजे नेटवर्कमधली उपकरणे एकमेकांना कशी जोडली आहेत त्या रचनेपाशी. बस, रिंग, स्टार, मेश, ट्री आणि हायब्रिड यांच्या व्याख्या मला येतात, आकृती समोर ठेवली तर नावही सांगता येते. परंतु सराव प्रश्नांत बहुधा आकृती नसते, एखादा प्रसंग दिलेला असतो आणि तिथे माझे उत्तर वारंवार चुकते. तीन अडचणी सविस्तर मांडतो.

पहिली अडचण हबची. प्रश्न असा होता की १२ संगणक स्वतंत्र केबलने एका हबला जोडले आहेत, तर डेटाच्या प्रवाहाच्या दृष्टीने ही कोणती टोपॉलॉजी? मी ‘स्टार’ असे उत्तर दिले. बरोबर उत्तर ‘बस’ (सगळे एकाच सामायिक केबलवर) होते. एका पोर्टवर आलेला सिग्नल हब बाकीच्या सर्व पोर्टवर पाठवतो, हे मला माहीत आहे. पण मग त्याच केबल तशाच ठेवून हबच्या जागी स्विच बसवला, तर टोपॉलॉजी बदलली असे म्हणायचे का? एकही वायर न हलवता रचना बदलते, हे मनाला पटत नाही.

दुसरी अडचण रिंगची. एका पुस्तकात लिहिले आहे की रिंगमध्ये एक केबल तुटली की सगळे नेटवर्क बंद पडते. दुसऱ्या ठिकाणी टोकन रिंगबद्दल लिहिले आहे की एका संगणकाची केबल काढली तरी बाकीच्यांचे काम चालू राहते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील?

तिसरी अडचण मेशची, आणि माझा सर्वांत मोठा गोंधळ इथेच आहे. पूर्ण मेशमध्ये प्रत्येक नोड (जोडलेले उपकरण) बाकी प्रत्येकाशी थेट जोडलेला असतो, त्यामुळे नोडच्या संख्येला तिच्याहून एकाने कमी असलेल्या संख्येने गुणून निम्मे करायचे, म्हणजे ६ नोडसाठी १५ जोडण्या लागतात, इथपर्यंत ठीक आहे. पुढचा प्रश्न होता की गोपनीयता, अखंडता आणि उपलब्धता यांपैकी मेशमुळे प्रामुख्याने काय बळकट होते? मी ‘गोपनीयता’ निवडले, कारण चोरून ऐकणाऱ्याला सगळे संभाषण मिळवायचे तर १५ ठिकाणी कान लावावा लागेल. उत्तर ‘उपलब्धता’ असे होते. माझ्या तर्कात नेमकी चूक कुठे झाली?

पाठांतराच्या युक्त्या मला नको आहेत. प्रसंग वाचल्यावर विचार कुठून सुरू करावा, एवढे जाणकारांनी सांगितले तर फार उपकार होतील.

प्रतिसाद :

आपण प्रश्न नेमके मांडले आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आपला गोंधळ टोपॉलॉजीच्या प्रकारांबद्दल नाही. ‘टोपॉलॉजी’ हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो, त्यामुळे तो झाला आहे. केबल कुठून कुठे गेली आहे ही फिजिकल टोपॉलॉजी. एकाने पाठवलेला डेटा कोणाकोणापर्यंत आणि कोणत्या क्रमाने पोहोचतो ही लॉजिकल टोपॉलॉजी. सुरक्षेच्या परीक्षेत प्रसंग वाचताना स्वतःला दोन प्रश्न विचारावेत : एक जागा निकामी झाली तर कोणाचा संपर्क तुटेल, आणि एक जण बोलला तर कोणाकोणाला ऐकू जाईल? पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा फिजिकल रचनेत सापडते, दुसऱ्याचे लॉजिकल रचनेत.

आता हब घेऊ. सुरुवातीचे इथरनेट खरोखरच एका लांब कोॲक्सियल केबलवर चालत असे. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये त्याची कल्पना मांडली. एका वेळी एकानेच बोलायचे, दोघे एकदम बोलले तर टक्कर झाल्याचे ओळखून दोघांनी थांबायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा, अशी ती पद्धत होती. हबने केले एवढेच की ती लांब केबल एका डब्यात आणून ठेवली. ऐकू येणे, टक्कर होणे, वाट पाहणे हे सगळे तसेच राहिले, म्हणून लॉजिकल दृष्टीने ती बसच. फरक पडला तो पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात. जुन्या बसची केबल मध्ये तुटली की तुटलेल्या टोकांना टर्मिनेटर (सिग्नल शोषून घेणारे टोपण) नसल्यामुळे सिग्नल परावर्तित होत असे आणि संपूर्ण भाग बंद पडत असे. हबच्या एका पोर्टची केबल तुटली तर फक्त तोच संगणक बाहेर पडतो.

स्विच मात्र प्रत्येक पोर्टवर कोणता मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आहे हे एका तक्त्यात नोंदवतो आणि फ्रेम, म्हणजे डेटाचा एक तुकडा, योग्य त्या पोर्टवरच पाठवतो. म्हणजे वायर हलली नाही तरी ‘कोणाला ऐकू जाईल’ याचे उत्तर बदलले, आणि लॉजिकल टोपॉलॉजीसुद्धा बदलली. हा केवळ पुस्तकी संकेत नाही. पण इथे एक सावधगिरी बाळगा, कारण परीक्षा नेमकी इथेच अडवते : स्विच आहे म्हणजे चोरून ऐकणे अशक्य झाले असे समजू नका. खोट्या मॅक पत्त्यांचा पूर आणून तो तक्ता भरून टाकला, तर अनेक स्विच अनोळखी पत्त्याच्या फ्रेम सर्व पोर्टवर पाठवू लागतात, म्हणजे व्यवहारात पुन्हा हबसारखे वागतात. आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता शोधणाऱ्या एआरपीची खोटी उत्तरे पाठवून दुसऱ्याची रहदारी स्वतःकडे वळवता येते, ती गोष्ट वेगळीच. पहिल्यावर पोर्ट सिक्युरिटी (एका पोर्टवरच्या मॅक पत्त्यांवर मर्यादा) आणि दुसऱ्यावर डायनॅमिक एआरपी इन्स्पेक्शन (एआरपी उत्तरांची पडताळणी) हे उपाय प्रश्नांत येतात. स्विच फ्रेम योग्य त्या पोर्टवरच पाठवतो, म्हणून घुसखोरी ओळखणारे उपकरण स्विचच्या साध्या पोर्टला जोडले तर त्याला इतरांची रहदारी जवळजवळ दिसतच नाही. त्यासाठी इतर पोर्टच्या रहदारीची प्रत देणारा मिरर पोर्ट किंवा केबलवरच प्रत काढणारा टॅप लागतो.

रिंगबद्दलची दोन्ही विधाने खरी आहेत, फक्त ती वेगवेगळ्या रचनांबद्दल आहेत. संगणकाला संगणक थेट जोडलेली साधी एकेरी रिंग एका ठिकाणी तुटली की थांबते. टोकन रिंगमध्ये प्रत्येक संगणक मधल्या एका डब्याला जोडलेला असतो, ज्याला एमएयू म्हणतात. त्यात प्रत्येक पोर्टसाठी रिले असतो. संगणक बंद झाला किंवा केबल निघाली की रिले ते पोर्ट वगळून वर्तुळ पूर्ण ठेवतो. दिसायला स्टार, टोकन (बोलण्याची पाळी देणारा छोटा संदेश) मात्र वर्तुळातच फिरते. एफडीडीआय या प्रकाशतंतूवरच्या रिंग पद्धतीने वेगळा मार्ग घेतला : विरुद्ध दिशांनी जाणाऱ्या दोन रिंग ठेवल्या आणि तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना डेटा दुसऱ्या रिंगवर वळवून एकच लांब वर्तुळ तयार केले. दोन ठिकाणी तुटले तर मात्र नेटवर्कचे दोन तुकडे होतात.

मेशच्या बाबतीत आपण कान लावण्याच्या जागा मोजल्या, पण राखण्याच्या जागा मोजल्या नाहीत. हल्लेखोराला सगळ्या १५ जोडण्या नको असतात, हवी ती माहिती ज्या एका जोडणीवरून जाते तेवढीच पुरते. आपल्याला मात्र पंधराही सांभाळाव्या लागतात. गोपनीयता एन्क्रिप्शनमधून येते. मेशमधून मिळतो तो पर्यायी मार्ग, आणि पर्यायी मार्ग म्हणजे उपलब्धता. याच्या नेमके उलट हब अँड स्पोक (एक केंद्र आणि त्याला जोडलेल्या शाखा) रचनेत घडते : सगळी रहदारी केंद्रातून जात असल्यामुळे फायरवॉल आणि नोंदी एका जागी ठेवता येतात, पण केंद्र पडले की सगळ्या शाखा तुटतात.

मूळ प्रश्नकर्ता :

मनःपूर्वक आभार. राखण्याच्या जागा मोजण्याचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. आपले दोन प्रश्न मी वाय-फायला लावून पाहिले. ॲक्सेस पॉइंट मध्यभागी असतो म्हणून आकृती स्टारची, आणि तो बंद पडला तर सगळे तुटतात हेही स्टारसारखेच. पण माध्यम हवा असल्यामुळे टप्प्यातल्या कोणालाही सिग्नल पकडता येतो, म्हणजे ऐकण्याच्या दृष्टीने ती बस झाली. हे बरोबर आहे का? आणि दोन स्विचमध्ये मुद्दाम दोन केबल टाकल्या, तर त्याला काय म्हणायचे?

प्रतिसाद :

वाय-फायबद्दलचा आपला विचार अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच तिथे एन्क्रिप्शन हा ऐच्छिक भाग राहत नाही.

दोन स्विचमधल्या दोन केबल फिजिकल दृष्टीने एक वळसा तयार करतात. इथरनेटच्या फ्रेमला आयपी पॅकेटप्रमाणे आयुर्मर्यादा नसते, त्यामुळे एकच ब्रॉडकास्ट फ्रेम त्या वळशात फिरत आणि वाढत राहते व काही क्षणांत नेटवर्क ठप्प होते. हे टाळण्यासाठी राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत तयार केली. स्विच आपसात एक मूळ स्विच निवडतात आणि जादा मार्ग अडवून ठेवतात. चालू मार्ग तुटला की अडवलेला मार्ग खुला होतो. म्हणजे केबलचे जाळे कितीही गुंतागुंतीचे असले तरी डेटा झाडाच्या आकारात वाहतो.

सुरक्षेचा प्रश्न त्या निवडणुकीपाशी येतो. ज्याचा प्राधान्यक्रमांक सर्वांत लहान तो मूळ ठरतो आणि बहुतेक स्विचमध्ये हा क्रमांक सुरुवातीला ३२७६८ असतो. एखाद्याने आपल्या पोर्टवरून त्याहून लहान क्रमांकाचा निवडणुकीचा संदेश (बीपीडीयू) पाठवला, तर तोच मूळ ठरून बरीचशी रहदारी त्याच्याकडून जाऊ शकते. म्हणून वापरकर्त्यांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावतात, जो असा संदेश येताच ते पोर्ट बंद करतो. आणि जिथे दुसरा स्विच जोडलेला असणे अपेक्षित आहे, पण मूळ स्विच त्या बाजूला कधीही जाऊ नये, तिथे रूट गार्ड लावतात. प्रसंगात या दोहोंपैकी एक निवडायला सांगितले, तर त्या पोर्टच्या पलीकडे काय जोडलेले आहे ते आधी पाहावे.